मंत्र्यांनी घातलेली ओवाळणी

शनिवार, ९ ऑगस्ट २००३

डोकं अजून तापलंय. पोरं चिंचोटीला धबधब्यावर गेली आणि मी गोखिवऱ्याच्या हॉलमध्ये मंत्र्यांच्या कार्यक्रमाला बॅनर धरून उभा. ताईसाठी. ती सरकारी दवाखान्यात नर्स, रात्रपाळीला दोन वॉर्ड एकटी सांभाळते. सरकारी नर्सेसची संघटना आणि मिशन हॉस्पिटलच्या नर्सेसची संघटना पहिल्यांदाच एकत्र आल्या होत्या. मंत्र्यांपुढे ताई बोलणार होती, की सरकारने पैसे मंजूर करावेत, नर्सेसच्या रिकाम्या जागा भराव्यात.

पण आयोजक म्हणाला, "सिस्टर, युनिफॉर्ममध्ये छान दिसता, साहेबांना तुम्हीच ओवाळा." ताट हातातच दिलं. ताईने ओवाळलं तर मंत्र्यांनी ताटात पन्नासची नोट टाकली. वर टाळ्या! मागायला काय आलो आणि ताटात काय पडलं?

मग शाली, नारळ, आणखी शाली. ताईचं नाव पुकारायच्या आत साहेब उठले. जाताना हसून म्हणाले, "भगिनींचं काम झालं की, ओवाळणी मिळाली!"

मी शिवी घालणार तेवढ्यात मिशनच्या फिलोमिनाबाईंनी माझा दंड धरला. "गप रे बाबा." ती नोट ताईने आयोजकाच्या खिशात कोंबली. "ठेवा, पुढच्या शालीला होईल."

असं कोण वागतं? घरी आलेल्या भिकाऱ्याचंसुद्धा आपण आधी ऐकून घेतो.

रिक्षात फिलोमिनाबाई म्हणाल्या, "आता दोन्ही संघटना थेट मंत्रालयात जाऊ. साध्या साड्या नेसून. कोन ताट देतो बघू."

ताई हसली. मला नाही हसू आलं.