आरोळी कापायची की नाही

१३ जाने. ८५, पौड
दुपारी शाळेच्या पटांगणात आमच्या गायन पार्टीचा कार्यक्रम. माणसं बरी जमली. नामदेवनं 'तारा गेल्या डोईवरनं' घेतलं. शब्द त्याचे, चाल माझी. चौथं कडवं संपल्यावर नेहमीसारखी आरोळी दिली. तिला सूर नाही की ताल नाही, नुसतं घसा फाडून ओरडणं. पुढं बसलेल्या बायका दचकल्या. आणि टाळ्या तिथंच पडल्या. घरी जाताना लोक आरोळीचंच बोलत होते. चालीचं एक जण बोलला नाही.

पुण्याहून कॅसेट कंपनीचे साहेब आले होते. पुढच्या रविवारी स्टुडिओत बोलावलंय. सगळ्यांशी बोलून झाल्यावर सलीमभाईला, आमच्या बेंजोवाल्याला, जीपमागं घेतलं. चांगली दहा मिनिटं. मी पेटी बांधत बघत होतो.
विचारलं तर म्हणतो, "काय न्हाई मास्तर. बेंजोच्या तारा कुटनं आणतो, त्ये इचारत हुते."
तारांना दहा मिनिटं?

१६ जाने.
तालमीला सलीमभाई आला नाही. म्हणे दुकानात भांडी यायची होती. त्याच्या दुकानावरूनच शाळेत जातो मी. भांडी काही आलेली दिसली नाहीत.

२० जाने., पुणे
स्टुडिओ. काचेची खोली, भिंतींना गाद्यांसारखं काहीतरी. चपला बाहेर. नामदेवची बायको लीला त्याच्यामागं झील धरते, तिला उभं राहून गायला लावलं. बसून गायची सवय, बिचारी पदराशीच चाळा करत राहिली.

चार कडवी झकास. माझी पेटी पहिल्यांदा इतकी स्वच्छ ऐकली. मग आरोळी. काचेपलीकडच्या माणसानं कानावरचं काढून टेबलावर आपटलं. मशीनचा काटा तांबड्यात अडकला म्हणे.
साहेब आत आले. गोड बोलतात. "चाल फार सुंदर आहे हो. लग्नात वाजेल, हॉटेलात वाजेल. पण जेवताना असं ओरडणं कोण ऐकेल? तेवढं काढा."
नामदेव म्हणाला, "बरं." खरंच प्रयत्न केला त्यानं. सहा वेळा. पण आरोळी गाळली की आधीची ओळही पडायची. गाणं खाली बसल्यासारखं व्हायचं. शेवटी लीलाच साहेबांना म्हणाली, "त्यास्नी आदी पानी द्या."
"विचार करून कळवा," साहेब म्हणाले.
परतीच्या एस्टीत स. खिडकीबाहेर बघत हसत होता. कशाला?

२१ जाने.
दोन वर्षांपूर्वी घाटाकडची एक पार्टी त्याच कंपनीत गेली. आमच्यापेक्षा कच्ची. आता पानाच्या टपरीवरसुद्धा त्यांची कॅसेट. त्यांच्यात कुणी ओरडत नाही, एवढाच फरक.
चौदा वर्षं पेटी वाजवतोय. एकदा, एकदाच, अनोळखी माणसाच्या घरातून माझी चाल ऐकू यावी, एवढंच. हे कुणाला सांगायची सोय नाही.

२४ जाने.
शाळा सुटल्यावर पोस्टात. एक आंतरदेशीय टाकलं. त्याबद्दल इथं लिहीत नाही.

४ फेब्रु.
एका विद्यार्थ्याच्या वडलांनी सहज सांगितलं, सलीमभाई स्वारगेटला दिसला, बेंजो काखेत. मला म्हणाला होता सासुरवाडीला जातो. आता चित्र स्वच्छ आहे. एकटा जाणार. साहेबांना बेंजो पाहिजे, नामदेव नको, मी नको. जीपमागं तेच ठरलं.
नामदेवला सांगावं का? तो स.ला भाऊ मानतो. सांगितलं तर मीच वाईट.

१० फेब्रु.
तालीम. स. हजर, हसरा. मुद्दाम म्हटलं, "सलीमभाई, पुण्याकडं काही चक्कर?"
"सासुरवाडीला जाताना तारा बदलाया गेल्तो मास्तर. जुन्या गंजल्या."
तारा खरंच नव्या होत्या. म्हणून काय झालं?

२२ फेब्रु., शुक्र.
मधल्या सुट्टीत स.च्या दुकानावर. तो म्हणाला, "बरं झालं आलात. बसा गादीवर, नमाज पढून येतो." दुकान माझ्या भरवशावर टाकून गेला. गादीखालून पाकिटाचं टोक दिसत होतं. कंपनीचा शिक्का. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मी चौथीच्या पोरांना शिकवतो.
वाचलं.
साहेबांनी लिहिलंय: आपण कळवलेत की आरोळी काढल्यास पार्टी गाणार नाही, आणि एकट्याने येऊन वाजवण्यासही आपला नकार आहे. परंतु आपल्या पेटीवाल्या मास्तरांचे पत्र त्याआधीच आले असून, आरोळी काढण्यास सर्वांची संमती आहे असे त्यात म्हटले आहे. यातले खरे कोणते? मार्चअखेर कळवावे.
पत्रावर तारीख बाराची. म्हणजे आठ-नऊ दिवस स.ला माहीत आहे. आणि आठ-नऊ दिवस तो मला चहा पाजतोय.

२३ फेब्रु.
झोप नाही. चिडलोय, पण कुणावर ते कळत नाही. सगळ्यांच्या वतीनं नकार द्यायचा स.ला काय अधिकार? मला तरी होकार द्यायचा काय होता. आणि पत्र गादीखाली, टोक बाहेर... मला सापडावं म्हणूनच ठेवलं नसेल कशावरून?

२४ फेब्रु.
दुकानावर गेलो. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबलो. म्हटलं, "पत्र वाचलं मी."
"ठाव हाय. घडी उलटी घातलीत."
"मला बोलला का नाहीत?"
"काय बोलू? तुमी नामदेवच्या तोंडावर हात ठिवला, आसं?" पातेलं पुसत राहिला. मग म्हणाला, "त्याच्या आज्याचं गाव धरणाच्या पान्यात गेलं. त्या पान्याच्या विजेच्या तारा त्याच्या वाडीवरनं जात्यात आन वाडीत कंदील. त्ये गानं गोड कसं म्हनायचं, मला कळंना. म्हनून लिव्हलं. चुकलो आसंन. पर नामदेवला तुमीच सांगा. मी न्हाई सांगनार."

३ मार्च
सांगितलं. नामदेव रस्त्याच्या कामावर, डांबराच्या पिंपाशेजारी. हातातलं घमेलं खाली ठेवून सगळं ऐकलं.
"सगळ्यांची संमती, आसं लिव्हलंत?"
"हो."
"लीलीचीबी?"
"हो."
"तिला तर मीबी इचारलं न्हाई आजून."
मला वाटलं आता शिवी येईल. म्हणाला, "चाल तुमची लई गोड हाय मास्तर. म्हनून तर वरडतो. न्हाईतर लोकं डोलत्यात नुसती, आन शब्द ऱ्हातो बाजूला." मग विचारलं, "वरडनं काडलं तर खरंच घराघरात वाजंल?"
"वाजेल."
घमेलं उचललं, गेला. रागावला का? रागावला असता तर बरं. असा शांत का?

१० मार्च, रवि.
दुपारी मारुंजीला कार्यक्रम. परतल्यावर लगेच लिहितोय.
गाणं नीट चाललं. चौथं कडवं संपलं, लोक सरसावून बसले. मारुंजीकरांना ठाऊक आहे तिथं काय येतं. माझे हात तिथं नेहमी पट्ट्यांवरून उठतात. आज उठवले, आणि आरोळी आलीच नाही. नामदेवनं माझ्याकडं बघितलं आणि मानेनं खुणावलं, वाजवा.
मी वाजवलं. शेवटपर्यंत, एकटी पेटी. चौदा वर्षांत पहिल्यांदा माझी चाल पुरी झाली. सलीमभाईनं बेंजोला हात लावला नाही. लीला जमिनीकडं बघत होती.
टाळ्या पडल्या. चार-दोन. मग मागून एक म्हातारा ओरडला, "आरं नामदेवा, आरोळी कुटं हाय?"
नामदेवनं त्याला हात जोडले.
हे माझ्यासाठी केलं, की मला दाखवायला? की साहेबांचं मान्य केलं? टेम्पोत शेजारीच बसलो. म्हटलं, "घसा बसलाय का?"
"न्हाई," म्हणाला. आणि डोळे मिटून घेतले.