घटासमोरचे बूट

युसूफ वडगाव, ता. केज
दि. २० ऑगस्ट

ती. अक्काच्या पायांशी धाकट्या मोहनचे शि. सा. न., वि. वि.

पाय हा सध्या तुझा सगळ्यात दुखरा भाग, म्हणून नमस्कार जरा हलक्या हाताने केला आहे. इकडे मी आणि बायनाबाई खुशाल आहोत. अंबाजोगाईहून तुला एसटीत बसवून दिलं तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, तू तिकडून हो हो म्हणतेस आणि भलतंच करतेस, म्हणून सगळं लिहूनच पाठवतो. जन्मभर लोकांची पत्रं वाटली, आता स्वतःची लिहायला हरकत नाही.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी सांगितलेलं पुन्हा सांगतो. गुडघ्यातली गादी झिजली आहे, ती परत उगवायची नाही. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढायचं, हे तू किती हंगाम केलंस ते तुलाच ठाऊक. आता चालताना सगळा भार गुडघ्याच्या आतल्या बाजूला पडतो. त्यांनी दिलेल्या बुटांच्या तळाला पुढे एक आणि मागे एक असे जे रबराचे अर्धगोल आहेत, ते तुझी चाल बघून, सरकवून सरकवून बसवलेत. त्याने भार जागा बदलतो आणि आळसावलेले स्नायू कामाला लागतात. घरात घालायचे, रोजची कामं करता करता. आधी थोडा वेळ, मग हळूहळू वाढवत न्यायचा. शेजारच्या कडूबाईने मागितले तरी तिला द्यायचे नाहीत, ते तुझ्याच चालीच्या मापाचे आहेत.

हे जादूचे बूट नाहीत हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. काहींना चांगला गुण येतो, काहींना थोडा, काहींना येत नाही. मग ऑपरेशन आहेच, पण त्यानंतर तुझं करायला माणूस लागेल आणि यंदा ते कुणाला जमणार? दसरा झाला की तुझा रामेश्वर आणि सूनबाई रोहिणी ऊसतोडीला जाणार. नात दिपाली दहावीला. गेल्या हंगामात तू नळावर पडलीस आणि पोरीने शाळा बुडवून तुझं केलं, ते रामेश्वर विसरलेला नाही. मला म्हणाला, मामा, म्हातारीच्या भरवशावर पोरगी ठिवायची का पोरीच्या भरवशावर म्हातारी, ह्ये एकदा तुमीच सांगा. तू त्याला आपल्या पायावर उभी दिसलीस तरच पोर गावात राहील आणि शाळेत जाईल. म्हणून एवढं पाल्हाळ लावलं.

दिपालीला आशीर्वाद. लोभ आहेच, तो गुडघ्यासारखा झिजू देऊ नये.

तुझा,
मोहन


खालची वाडी, ता. पाटोदा
दि. ३१ ऑगस्ट

चि. मोहनरावास अक्काचे तोंडभर आशीर्वाद, वि. वि.

पत्र मिळालं. तू टपालातून सुटलास, पण टपाल काही तुझ्यातून सुटत नाही. चार ओळींचं काम तू पानभर करतोस आणि मग म्हणतोस अक्का ऐकत नाही.

बूट घालते आहे, रोज सकाळी, न चुकता. पहिल्या दिवशी कच्च्या पेरूंवर उभी राहिल्यासारखं वाटलं. कोंबड्या बुजून पळाल्या. कडूबाईने कुंपणावरून विचारलं, काय गं, पोलीस भरतीला निघालीस का काय. मी म्हटलं, हो, आणि पहिलं तुलाच आत टाकणार आहे. गुण मात्र अजून नाही. बसलं की उठवत नाही, उठलं की उभं राहवत नाही, आणि आडवं झालं तर जीव वर वर येतो. तुझ्या मॅडमना एवढं कळव.

आता खरं दुखणं सांगते. दिपालीला स्थळ आलं आहे. कड्याकडची साखराबाई म्हणून एक बाई आहे, तिचा मुलगा. त्यांना ऊसतोडीला निघायच्या आत सून हवी. तोडणीचा मुकादम एकट्या माणसाला घेत नाही, नवराबायको मिळून एक कोयता धरतात, म्हणून पोराचा कोयता जुळवायचा आहे. मोहन, माझंही असंच झालं होतं. सातवीचा निकाल लागला आणि दसऱ्याला मी उसाच्या फडावर होते. मी पास झाले की नाही हे विचारायला घरात कुणाला सवड नव्हती. रामेश्वर अजून हो म्हणालेला नाही, पण नाहीही म्हणत नाही. त्याचं एकच तुणतुणं, पोरीला एकटी ठिवू का, अन् तुज्या ह्या अवस्थेत ठिवू का.

मला घरात बसवत नाही. दिपाली शाळेतून येईपर्यंत मी दाराकडे बघत असते. बायनाबाईला सांग, लोणचं संपत आलं.

माया आहे तशीच असू दे, पत्र मात्र आखूड लिही.

तुझी,
अक्का


युसूफ वडगाव
दि. २० सप्टेंबर

ती. अक्कास मोहनचे शि. सा. न., वि. वि.

परवा अंबाजोगाईत तुझ्यासमोर बोललो नाही, पण घरी आल्यापासून जीवाला स्वस्थता नाही. मॅडमनी तुला चालायला लावलं आणि त्यांचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या की, एवढ्या दिवसांत थोडा तरी फरक दिसायला हवा होता, यांचं दुखणं उलट वाढलंय. बूट उलटे करून पाहिले तर अर्धगोल जागेवर होते, पण रबर खरवडलेलं आणि खाचांत वाळू. घरी कुठे चालता असं त्यांनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, घरीच की. तुमच्या घरात वाळू आहे का, असं त्या हसून म्हणाल्या आणि तू छताकडे बघत बसलीस.

अक्का, काय चाललंय ते मला कळत नाही. मी अंगणात एवढ्या येरझारा घालतो की बायनाबाई म्हणते, तुमालाच एक जोड आणावा लागंल.

रामेश्वरला मी फोनवर बरंच बोललो. पोर पंधराची आहे, हा गुन्हा आहे, कुणी कळवलं तर मांडवात पोलीस येतील, सगळं सांगितलं. तो म्हणाला, मामा, आत्ता नुसतं बघून ठरवून ठिवायचं. मी म्हटलं, ठरवून ठेवलेलं फार दिवस थांबत नसतं, हे तुझ्या आईला विचार. त्यावर त्याने विचारलं, बुटाचा काई गुण आला का. मी काय सांगू? पाहुणे नवरात्रात येणार आहेत. त्याआधी तू भिंत न धरता चालायला हवंस.

राग नसावा. असला तरी पत्रातून पाठव.

तुझा,
मोहन


खालची वाडी
दि. २८ सप्टेंबर

ती. मामांस, डोईवर पदर घेऊन रोहिणीचा नमस्कार, वि. वि.

मी पत्र लिहिलेलं पाहून तुम्हाला नवल वाटेल. फोन यांच्याकडे असतो आणि घरात बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं, म्हणून लिहिते. सासूबाईंनी तुम्हाला सांगितलं ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. बूट त्या रोज घालतात, पण घरात नाही. दाराबाहेर खुंटीला अडकवलेले असतात. सकाळी पायरीवर बसून घालतात, दगडगोट्यांतून ओढ्यापर्यंत जाऊन येतात आणि उंबऱ्याशी काढून ठेवतात. घरात दिवसभर अनवाणी. मॅडम घरात म्हणाल्या, तेव्हा घरात म्हणजे गावातल्या गावात, लांब जायचं नाही, असं सासूबाईंनी धरलं.

मी एकदा म्हणून पाहिलं. तर मला म्हणाल्या, आगं, पायताण हाय ती. चुलीपुढं अन् देवापुढं कोन घालून फिरतं? तुज्या माहेरी फिरत असतील. गेल्या आठवड्यात ओढ्यातल्या दगडावरून त्या घसरल्या. कोपर सोललं, ते पदराखाली झाकून हिंडत होत्या. तुम्हाला कळवू नको म्हणाल्या.

आता घट बसतील. नवरात्राचे नऊ दिवस त्या अंगणातही पायात काही घालत नाहीत, सासऱ्यांच्या दुखण्यात बोललेला नवस आहे. बूट माळ्यावर टाकायचे असं त्यांनी ठरवलंय. आणि पाहुणे त्याच दिवसांत येणार. सासूबाई भिंत धरून चालताना यांना दिसतील आणि हे पाहुण्यांना शब्द देऊन टाकतील. मामा, मी बारावीला असताना मला उठवून मांडवात बसवलं. दिपालीच्या वेळी मला गप्प राहायचं नाही, पण या घरात माझं कोण ऐकतं? सासूबाईंचं ऐकतात. मी हे लिहिलं असं त्यांना खुशाल सांगा. रागावतील, पण तुमचं ऐकतील.

मामींना नमस्कार. आमच्यावर लक्ष असावं, विशेष करून आता.

आपली भाचेसून,
रोहिणी


युसूफ वडगाव
दि. ६ ऑक्टोबर

ती. अक्कास मोहनचा नमस्कार, वि. वि.

आज हलक्या हाताने लिहिणार नाही. मला सगळं कळलं आहे. तुझ्या सुनेने सांगितलं आणि तिला बोलायचं असेल तर आधी मला बोल. मी तिकडे मॅडमची समजूत काढतो, देवाला नारळ बोलतो, आणि तू ते बूट घालून ओढ्यातले दगड तुडवतेस. मॅडमना फोन केला. ते अर्धगोल सपाट जमिनीसाठी आहेत, दगडावर पाय मुरगळून तू पडली असतीस तर खुबा मोडला असता, असं म्हणाल्या. घरात अनवाणी राहायची रीत आहे हे त्यांना माहीत होतं, पण ती इतकी आड येईल हे त्यांच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. मी तुझा भाऊ असून मला सुचलं नाही, म्हणजे पाहा.

बूट गरम पाण्याने धुऊन काढ. पुन्हा थोड्या वेळापासून सुरुवात कर, आधी भिंतीला हात लावून. स्वयंपाक करताना, झाडताना, भांडी लावताना. बाहेर अजिबात नाही. देवाधर्मातलं मला फारसं कळत नाही. मी रिटायर पोस्टमन, मला पत्ता तेवढा कळतो, आणि त्या बुटांचा पत्ता घराच्या आतला आहे.

नवसाचं तू ठरव. मी त्यात पडत नाही. एवढंच विचारतो की, घट बसतील तेव्हा देवीपुढे हात जोडून तू काय मागणार आहेस? जे मागणार आहेस त्यासाठी यंदा तुला उभं राहावं लागेल.

रागाने लिहिलं आहे, मायेने वाचावं.

तुझा,
मोहन


खालची वाडी
दि. २८ ऑक्टोबर

चि. मोहनरावास आणि सौ. बायनाबाईस अक्काचे आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या पत्राचा मला फार राग आला. दोन दिवस ते डब्याखाली दाबून ठेवलं. रोहिणीशी बोलले नाही, मग तिनेच मुकाट्याने बूट घासले आणि उन्हात ठेवले. घट बसले त्या दिवशी दिवा लावला आणि देवीला म्हटलं, पाय तू दिलेस, बूट मॅडमनी दिलेत, तुमचं तुम्ही बघा, मला पोरीला शाळेत ठेवायचंय. आणि घातले. खरं सांगते, त्या दिवशी घटाकडे मान वर करून बघवलं नाही. डोळ्यांना पाणी येत होतं आणि भाकरी थापत होते. इतक्या वर्षांचा नवस मी माझ्या हाताने मोडला.

चार-पाच माळा झाल्यावर खाली बसून उठताना पूर्वीसारखी कळ आली नाही. मला वाटलं भास आहे. दुसऱ्या दिवशीही आली नाही.

सातव्या माळेला साखराबाई आली, मुलगा आणि दीर घेऊन, कळवल्या वेळेच्या फार आधी. मी आत चुलीपाशी, पायात बूट. रोहिणीने डोळ्यांनी खुणावलं, काढा. मी काढणार होते, वाकलेसुद्धा. मग वाटलं, काढले तर भिंत धरून बाहेर जावं लागेल, आणि रामेश्वर तेच बघायला बसलाय. तांब्या-पेला घेतला आणि तशीच चालत बाहेरच्या खोलीत आले, घटासमोरून. हात कशाला लावला नाही. साखराबाईने माझ्या पायांकडे पाहिलं, घटाकडे पाहिलं. म्हणाली, बाई, घट बसल्यात अन् तुमी पायताणात, ह्ये कावून? मी सांगितलं की हे औषध आहे, नात मार्चपर्यंत दहावीला आहे, तोवर मला उभं राहायचंय. आणि पोरगी बघायची असेल तर ती घरी नाही, शाळेत आहे.

तिने पाण्याला हात लावला नाही. उठली आणि रामेश्वरला म्हणाली, ज्या घरात देवीचा धाक न्हाई तिथली पोर आमाला नगं. मी नको म्हणायच्या आत तीच नको म्हणून गेली. मला हसू आलं नाही, मोहन. गावभर झालं. कडूबाईसुद्धा दसऱ्याला सोनं द्यायला आली ती दारातूनच गेली. रामेश्वर तेव्हापासून माझ्याशी बोलला नाही. जेवायचा आणि उठून जायचा.

मॅडमनी परवा पुन्हा चाल पाहिली. सुधारली आहे म्हणाल्या, बूट चालू ठेवा. पायरी चढताना अजून दुखतं. उद्या ऑपरेशन करावं लागलं तर लागेल, पण ते मार्चनंतर.

काल ट्रॅक्टर आला. भांडी, ताडपत्री, सरपण चढवलं. बूट बाहेर घालायचे नाहीत म्हणून मी आतच होते, घर झाडत. रोहिणी पाया पडून गेली. मग रामेश्वर आला, चपला बाहेर काढून. पाया पडायला वाकला. मी म्हटलं, थांब, बूट काढते, पायताणावर डोकं ठेवू नको. तो म्हणाला, राहू दे आई, काढू नको. आणि त्या बुटांवरच डोकं ठेवलं. बराच वेळ उठला नाही. बाहेरून मुकादम हाका मारत होता.

दिपाली निरोप द्यायला नव्हती. तिची सहामाही चालू आहे, काल गणिताचा पेपर होता. मीच तिला वेळेवर पाठवलं. संध्याकाळी ती आली तेव्हा मी चुलीपाशी उभी होते, आणि तिने आधी पेपर कसा गेला ते सांगितलं, मग तिला आठवलं की आईबाप गेलेत.

दोघांची माया अशीच पाठीशी राहो. लोणचं पोचलं.

तुझी,
अक्का