बॅनरच्या मधली शिवण

चि. धाकटीस,

थोरलीकडून आशीर्वाद. (तू आता मंचावर बसतेस म्हणून मी साष्टांग नमस्कार लिहीन याची वाट बघू नकोस.) घसा कसा आहे? शनिवारी सभेत दोनदा खाकरलीस, ते शेवटच्या रांगेत मला ऐकू आलं. माझा गुडघा आहे तसाच आहे, मशीनही तसंच आहे, दोघं मिळून करकरतात. आठवण येते म्हणून लिहितेय असं काही नाही. कामाचं आहे.

तर झालं असं. तुमच्या आघाडीची सचिव बॅनर शिवायला टाकून गेली, आणि दुसऱ्याच दिवशी समोरच्या पक्षाचा माणूस आला. हॉल एकच, शनिवारी तुम्ही, रविवारी ते. दोघांचं कापड पांढरं, अक्षरं लाल, लांबी अठरा फूट. तुमच्यावर ‘बाईच्या पुढे ढाल होऊन आम्ही’, त्यांच्यावर ‘बाईच्या मागे बळ होऊन आम्ही’. (पुढे तुम्ही, मागे ते, मग मी हलायचं कुठे, असं मी दोघांनाही विचारलं. दोघंही हसले आणि पावती मागितली.) अठरा फूट कापड एकटीने कापता येत नाही, हे तुला सांगायला नको. आपण कापायचो तेव्हा तू टोक धरून दाराबाहेर पार रस्त्यावर जायचीस आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दरडावायचीस, ‘वाकून जा’. आता मी टोक खुर्चीला बांधते, तर खुर्चीच चालत माझ्याकडे येते. शेवटी वैतागून दोन्ही बॅनरचे अर्धे-अर्धे तुकडे केले, अक्षरं लावली आणि मधे शिवण मारली. चारही तुकडे एकाच ढिगात होते. पुढचं तू ओळखलंस.

मला कळलं ते हॉलमध्ये. तुझ्या डोक्यावर ‘बाईच्या मागे ढाल होऊन आम्ही’. मी सुई-दोरा घेऊन गेले होते, पण उपयोग काय? तीनशे माणसं, एकाच्या लक्षात येईल तर शपथ. रविवारी त्यांच्याकडे ‘पुढे बळ’ लागलं, तिथेही टाळ्या तेवढ्याच. (ते माझ्या दुकानावर ‘महिलांनी चालवलेलं’ अशी पाटी लावणार आहेत म्हणे. पँट मापात बसली की गिऱ्हाईक जातं, कोणी शिवली ते विचारत नाही.)

पण त्यांचं सोड. बायकांची दुकानं सातला बंद, हा नियम तू मांडलास. पुढच्या महिन्यात नगरपालिकेत मतदान आहे. अगं, माझं गिऱ्हाईक कामावरून सुटतंच सातला. सातला शटर ओढायचं तर मग सकाळी तरी कशाला उघडू? शेजारचा सलूनवाला नऊपर्यंत लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवतो, त्याला कोणी घरी पाठवत नाही. चोराची भीती असेल तर पोलिसाने चोराला धरावं, कुलूप मला का? नियम करायचा तर त्याला आणि मला एकच करा. मी जास्त शिकले नाही, पण एवढं मला कळतं.

आणि तुला तर माझ्याआधी कळायचं. दुकान घेतलं तेव्हा मालक अडून बसला होता, करारावर घरातल्या पुरुषाची सही पाहिजे म्हणून. मी मशीनमागे दोरा ओवत बसलेली. तू बावीस वर्षांची, त्याच्या तोंडावर म्हणालीस, “शिवते ती, भाडं भरते ती, सहीपण तीच करेल.” तीनदा कोर्टात ओढलंस त्याला. तेव्हा तू मला काही दिलं नव्हतंस. आडवा आलेला माणूस तेवढा बाजूला केला होतास. तेवढ्यावर मी तीस वर्षं काढली. ती पोरगी कुठे ठेवलीस? मी तिला शोधायला सभेला आले होते, भाषण ऐकायला नाही.

दिसली एकदा. बोलता बोलता तू मागे वळलीस, बॅनरच्या मधल्या शिवणीवरून बोट फिरवलंस आणि पुढचा शब्दच विसरलीस. लोकांना वाटलं पाणी हवंय. थोरलीने मधे शिवण मारली म्हणजे टोक धरायला कोणी नाही, हे त्या हॉलमध्ये तुलाच कळलं. मग रात्री तुझी गाडी दुकानावरून न थांबता गेली. मी शटर अर्धं वर करून उभी होते. (केर काढत होते.)

बाकी ठीक. जेवण वेळेवर करत जा, सभेतल्या बिस्किटांवर राहू नकोस.

तुझी,
थोरली

ता. क. बॅनर परत पाठव. शिवण उसवून नीट करून देईन. नियमाचं तुला जे करायचं ते कर, मी सांगणारी कोण?

ता. ता. क. हॉलच्या पडद्यांचं काम आलंय, वीस फुटी. मधे शिवण चालणार नाही म्हणतात. मंगळवारी ये. सातनंतर ये, आधी मोकळी झालीस तरी सातनंतरच ये, दुकान उघडं असेल. ‘वाकून जा’ तूच म्हण. माझ्या सांगण्यावरून कोणी वाकत नाही.