चौथ्या खुर्चीवरची बाई

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. संग्रहालयाच्या आठ जुन्या खुर्च्यांनी जीव नकोसा केलाय. पाय ग्रीक घाटाचे, बाहेर वळलेले. पाठीवर इजिप्तच्या बायका रंगवलेल्या, सगळ्यांचं तोंड एका बाजूला आणि डोळा मात्र समोरून. सात जणी मख्ख आहेत. चौथ्या खुर्चीवरची गालात हसते, हनुवटीवर तीळही आहे. महिनाभर तिच्याभोवतीचा मळ काढतेय, तिच्याशी गप्पाही मारते. हसू नकोस.

आमच्या विभागाच्या मोठ्या बाई म्हणतात, हा चेहरा मागाहून रंगवलाय, गुरुवारी पुसून टाक, खाली मूळचा असेल. बाबा याच खोलीत दुरुस्तीचं काम करायचे ना? हा त्यांच्या हातचा तर नाही? लगेच कळव.

वहिनीला नमस्कार. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ठकी

५ मार्च

चि. ठकीस,
अ. उ. आ.

उभ्यानेच लिहितोय. पुसू नकोस! तुमच्या कचेरीत फोन लावतोय, नुसती घंटा वाजते.

मेणबत्ती लवंडून त्या खुर्चीवरच्या बाईचं तोंड जळालं होतं. बाबांनी आईला स्टुलावर बसवून नवं रंगवलं. मी सहा वर्षांचा होतो. हलू नकोस म्हणून बाबा तिला दटावत होते आणि तिला हसू आवरत नव्हतं. तू पोटात होतीस. पुढे तू आलीस आणि ती गेली. त्या चित्राचं तुला सांगायचा मला धीरच झाला नाही. घरात तिचा एकच फोटो, त्यातही ती हललेली.

बाईंच्या हातापाया पड, पण पुसू नकोस.

काळजीत असलेला,
दादा

८ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. मी गुरुवारीच पुसला रे. कापसाचे अकरा बोळे लागले. खाली मूळ चेहरा नाहीच, नुसतं जळकं लाकूड.

खूप रडले. मोठ्या बाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, जागा रिकामी ठेवता येणार नाही, बाकीच्या सात जणींसारखा चेहरा तूच रंगव. मी म्हटलं, तीळ चालणार असेल तर रंगवीन. त्यांनी मान डोलावली.

सोमवारी ब्रश धरायचाय. तीळ नेमका कुठे, ओठ कसे, हे तुला विचारायलाच कागद पुढे ओढला होता. मग लक्षात आलं, ते मला पाठ आहे. आईशी महिनाभर रोज बोलत होते मी.

आशीर्वाद तेवढा पाठव.

तुझी,
ठकी