दारावरचा पोचा

बाबा, गेल्या शनिवारी मी गाडीच्या मागच्या दारावरून हात फिरवला आणि दार मला गुळगुळीत लागलं. तिथे पोचा होता, बोट बसेल एवढा, आणि मला तो कळला नाही. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगू? आणि तुम्हाला तरी हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू?

गाडी जुनीच घेतलीय. जर्मनीतलं वोल्फ्सबुर्ग हे अख्खं गाव नव्या गाड्यांवर जगतं. तिथे मी आठवडाभर ऑफिसात नव्या दारांची ड्रॉइंग्ज तपासतो आणि सुट्टीच्या दिवशी एक म्हातारी गाडी घासत बसतो, हे ऐकून तुम्ही खो खो हसला असतात. घासायचं मशीन लावलं की शेजारचे आजोबा खिडकीतून ‘रुहे, बिट्टे!’, जरा शांतता ठेवा, म्हणून ओरडतात. म्हणून सगळं हातानेच, वॉटर पेपर आणि बादली घेऊन. जुना रंग काढला, गंज खरवडला, पुट्टी भरून घासली. प्रायमर मारण्याआधी तुमच्यासारखंच दारावर मलमलचं फडकं टाकलं आणि डोळे मिटून वरून तळहात फिरवला. डोळ्यांना फसवता येतं, हाताला नाही, असं तुम्ही म्हणायचात.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. तिने सहज हात लावला आणि म्हणाली, “अरे, इथे खड्डा राहिलाय की. लागत नाही का तुला?”

“थंडीने बोटं बधिर झालीत गं,” मी म्हटलं. मे महिना चालू आहे, बाबा.

वाक्य तोंडातून गेलं आणि मला तुमचाच आवाज ऐकू आला. सांगलीच्या आपल्या गॅरेजात आई डबा घेऊन येते. तुम्ही तिला थांबवता, “अगं, जरा दारावर हात फिरव. बघ कसं वाटतंय.” कारागीर हसतात, मालकांना रंगालासुद्धा घरची परवानगी लागते म्हणून. तुम्हीही हसता. आई पदराला हात पुसून दारावर फिरवते आणि हळूच सांगते, “अहो, इथे थोडं उंच आहे.” एकदा मी कारण विचारलं तर म्हणालात, थिनरने बोटं बधिर झालीत. मला वाटायचं, हा माणूस बायकोला किती मान देतो. पुढे तुमच्या हातून कप पडायला लागले. मग शर्टाची बटणं आई लावायला लागली, मग घासही तीच भरवायची. नसा वाळत चालल्यात, डॉक्टर म्हणाले. त्यावर औषध नव्हतं. तुम्ही गेलात तेव्हा तुमचं वय माझ्या आजच्या वयाहून फार जास्त नव्हतं.

काल आईला फोन केला. इकडचं तिकडचं बोलून विचारलं, “बाबांना हाताचं कधी कळलं होतं गं?”

“त्यांना कधी कळलं ते त्यांनाच माहीत,” आई म्हणाली. “मला मात्र लवकर कळलं. डबा न्यायला गॅरेजातला माणूस येत होता की रे. मग मी कशाला जात होते भर उन्हात?” मग म्हणाली, “झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणायचे ना ते. म्हटलं, राहू दे झाकलेली. तू का विचारतोस?”

“सहजच,” मी म्हटलं.

आज पुन्हा शनिवार. थिनरच्या वासाने बायकोचं डोकं उठतं, एरवी ती गॅरेजकडे फिरकत नाही. आज सकाळपासून दोनदा खाली आली, आणि दुसऱ्यांदा तिच्या हातात चहासुद्धा नव्हता. मी विचारायच्या आधीच तिने नव्याने पुट्टी भरलेल्या दारावरून हात फिरवला. “इथे. अजून थोडं घास,” म्हणाली आणि माझं बोट धरून नेमक्या जागी टेकवलं.

डॉक्टरचा टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मी अजून घेतलेला नाही. भीती वाटते, बाबा. तिने माझ्या बोटाचं टोक तिथे चांगलं दाबून धरलं होतं. मला ते दिसत होतं. लागत नव्हतं.