जळक्या कापसाची चव

२ ऑगस्ट
सिगारेट सुटली. म्हणजे उद्यापासून. बायको लास्त्री सकाळच्या बसने केदिरीला गेली. आमच्या मुलीचं, रेत्नोचं, बाळंतपण आहे. जाता जाता तिने लेकीचा निरोप दिला : "धुराचा वास येणाऱ्या माणसाच्या हातात बाळ देणार नाही. बाबा असले तरी." बापाशी बोलायची ही रीत नव्हे. पण मी मनाला लावून घेतलेलं नाही. फक्त उद्यापासून व्हेप, ती विजेवरची वाफेची सिगारेट.

३ ऑगस्ट
आमच्या मलंगमध्ये आता भाताच्या टपऱ्या कमी आणि व्हेपची दुकानं जास्त. बागस नावाच्या दुकानदाराने तयार, बंद डबीचा व्हेप पुढे केला. म्हणाला, "काका, हा घ्या. ओढायचा, संपला की डबी बदलायची. डोक्याला ताप नाही." मी विचारलं, या बाजारात पंख्यांच्या मोटरी वाइंड कोण करतं? मीच. मी सुटा अ‍ॅटमायझर घेतला. तार आपणच गुंडाळायची, रस शोषायला कापूस आपणच भरायचा; तार तापली की रसाची वाफ. जन्मभर तांब्याची तार गुंडाळली, ही चिमूटभर तार काय जड?
संध्याकाळी : थोडी जड आहे.

५ ऑगस्ट
तारेची कॉइल देखणी झाली. फक्त सगळी लाल व्हायच्या ऐवजी एकाच कडेला लाल होते. मीटर दर वेळी वेगळा आकडा दाखवतो. मीटर भिकार.
दुपारी : स्क्रू सैल होता. कारखान्याने आवळून पाठवायला नको?
हात थरथरू नये म्हणून एक लवंगी सिगारेट ओढली. ती ओढण्यात धरत नाही. हत्यारांत धरावी.

८ ऑगस्ट
आज कापूस. ठासून भरला. कापूस जास्त तर वाफ जास्त, साधा हिशेब आहे. पहिला झुरका घेतला. गादीला आग लागल्याची चव. बागसला फोन केला. "काका, कोंबलात ना? रसाला वर चढायला वाट नको?" मी म्हटलं, आवाज नीट येत नाही, आणि फोन ठेवला.
घसा शेकायला एक लवंगी. औषध म्हणून.

९ ऑगस्ट
कापूस कमी केला. आता जळत नाही, गळतो. शर्टाचा खिसा, उशी, टेबल, सगळीकडे स्ट्रॉबेरीचा वास. जेवताना सोयाबीनच्या टेंपेलासुद्धा. पण जळायचं थांबलं. याला प्रगती म्हणतात.

१२ ऑगस्ट
लास्त्रीचा फोन. मुलगा झाला! दोघं सुखरूप. विचारलं, कुणावर गेलाय? म्हणाली, "अजून कुणावरच नाही. नुसता लाल आहे." मग सिगारेटचं विचारलं. मी खरं तेच सांगितलं : दिवसभर हातात व्हेपच असतो. ती म्हणाली, "हातात असतो. बरं."
आनंदाच्या भरात एक ओढली. नातू काही रोज होत नाही.

१५ ऑगस्ट
वस्तीप्रमुख मुल्यादी स्वतः माझ्या मोटरींच्या दुकानात आले. त्यांचाही अ‍ॅटमायझर माझ्यासारखाच सुटा, आणि नीट चालणारा. म्हणाले, "वियोनो, तू यातला उस्ताद झालास म्हणे." गुण लपत नाहीत. (काल चहाच्या टपरीवर मीच बोललो होतो, पण सहज.) ते नको नको म्हणत असताना त्यांची कॉइल बदलून दिली. कापूसही नवा. परवा सतराला आमच्या देशाचा स्वातंत्र्यदिन, त्या भाषणाआधी गळा मोकळा राहील.

१७ ऑगस्ट
मुल्यादींनी मंचामागे एक झुरका घेतला आणि माइकपाशी गेले. "बंधू-भगिनींनो" पर्यंत उत्तम चाललं होतं. मग खोकला. थांबेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मागच्या रांगेतल्या बायका हेलावल्या, त्यांना देशप्रेम वाटलं. नंतर मुल्यादींच्या बायकोने मला गाठून विचारलं, "हा तुमच्याच हातचा ना, वियोनो?" मी म्हटलं, दोष रसाचा आहे.
मुल्यादी दुपारीच बागसकडून बंद डबीचा घेऊन आले. माणसाला धीर नसतो.

२१ ऑगस्ट
बागसने समोर बसवून कापूस भरून दाखवला. कॉइलमधून किंचित अडखळत सरकेल इतकाच, टोकं कापून, विंचरून. वाफ आली. मी हेच करणार होतो. घरी येऊन त्याने भरलेला खोलून पाहिला, आणखी सुधारला. आता गळतोही आणि जळतोही.

२४ ऑगस्ट, केदिरी
बसमध्ये अ‍ॅटमायझर पिशवीत सांडला, बाळाच्या नव्या दुपट्यावर. आत रस उरला नाही, त्यामुळे स्टँडवर नाइलाजाने एक लवंगी ओढावी लागली.
रेत्नोने दारातच नाक वर केलं. "स्ट्रॉबेरी," म्हणाली. मग आणखी हुंगून, "आणि लवंग." मला वाटलं रडेल. म्हणाली, "बाबा, आधी अंघोळ."
अंघोळ केली. बाळ जावयाच्या वडिलांच्या, सुहार्दींच्या मांडीवर. तेही पूर्वी ओढायचे, माझ्यापेक्षा जास्त. विचारलं, कसं सोडलंत? म्हणाले, "सोडलं." कशाने पण? "कशाने म्हणजे? ओढली नाही." वरवरचा माणूस. तांत्रिक बाजू काहीच माहीत नाही.
पुन्हा अंघोळ केली. लास्त्रीने माझा हात हातात घेतला, बोटं हुंगली. रागावली असती तर परवडलं असतं. हळूच म्हणाली, "अजून येतोय हो. उद्या बघू."
बाहेर ओट्यावर बसलोय. पडद्याच्या फटीतून बाळाची एक टाच दिसते.
टाच आमच्या घराण्याची वाटते.