काजूचिक्की आणि चालकद्वार

२३ मार्च, रविवार

चालकद्वार अद्याप दिवाणखान्यात. फियाट अंगणात. उभयतांचा विरह कायम!

गेले वर्षभर वडिलांच्या या गाडीचे शवविच्छेदन केले. आता पुनरुज्जीवन. इंजिन बोलते. रंगही झाला, मूळचाच, दुधाळ चहाचा. उरले ते क्षुद्र लोखंड: बोल्ट, वॉशर, स्प्रिंगा, क्लिपा. हे सर्व सुटे करताना मी चिक्कीच्या रिकाम्या खोक्यांत शास्त्रशुद्ध विभागून ठेवले होते. लोणावळ्यात दुसरे खोके मिळते कुठे? प्रत्येकास दोरी, प्रत्येकाच्या झाकणावर आतल्या बाजूने नामाभिधान. बाहेर लिहिणे मला असंस्कृत वाटले.

कन्या राजेश्वरीचे लग्न अक्षय्य तृतीयेला. संकल्प असा: तत्पूर्वी गाडी सिद्ध करून कार्ल्याला न्यावी, हौशीराम भाऊंच्या दारात उभी करावी, दार उघडावे आणि म्हणावे — बसा, पुतणीच्या लग्नाला चला. भाऊ म्हणजे माझे ज्येष्ठ बंधू. तीन वर्षे संभाषण स्थगित. कारण हीच गाडी. वडिलांच्या पश्चात ती त्यांच्या गोठ्याशेजारी उभी होती, आत कोंबड्यांचे वास्तव्य. मी टोचन लावून इकडे आणली. भाऊ तेव्हा खाचरात होते.

"इचारून न्यायची व्हती, मास्तर!" त्यांचे अखेरचे वाक्य.

सौ. अनिता म्हणते, "गाडी राहू द्या. फोन करा ना सरळ."

निमंत्रण आणि आमंत्रण यांतील भेद मी वर्गात तासभर सांगू शकतो. फोन लावू शकत नाही.

२४ मार्च

एक खोके नाही!! 'वामेतर-अग्रद्वार-बिजागर-साहित्य'. म्हणजे ज्यावाचून ड्रायव्हरचे दार गाडीस लागणे नाही, नेमके ते.

शोध घेतला. दिवाण, माळा, तांदळाचा डबा. त्यात काही नव्हते. तांदूळ होते.

२५ मार्च

वलवणचा विक्की मेकॅनिक येऊन गेला. म्हणाला, "टेन्शन नका घेऊ सर. जुन्या बाजारातनं आणतो बोल्ट."

बोल्ट आणील. पिनेचे काय? वरच्या बिजागरीची मूळ पिन पूर्वी घाटात तुटली होती. भाऊ त्या काळी तळेगावच्या कारखान्यात लेथवर होते. त्यांनी स्वहस्ते नवी करून बसवली. डोके किंचित तिरके आले. वडील गाडीत बसताना त्या डोक्यावर अंगठा फिरवायचे, मगच किल्ली. ती पिन गमावून मी भाऊंच्या दारात कोणत्या तोंडाने गाडी नेऊ?

विक्की दिवाणखान्यातल्या दाराला टेकून चहा प्यायला. वस्तू निरुपयोगी नाही.

२७ मार्च

उलगडा झाला. न होता तर बरे.

गेल्या आठवड्यात उर्स्याहून व्याही आले होते, केरबा, गौरवचे वडील. निघताना अनिताने रीतीप्रमाणे हातात चिक्कीचे खोके दिले. फडताळातून. त्याच फडताळातून.

"जड लागलं खरं," अनिता म्हणाली. "म्हटलं काजूची असेल."

नंतर: "बाहेर नाव लिहिलं असतं तर शाई संपली असती का?"

व्याह्यांना आपण लोखंड दिले! ते याचा कोणता अर्थ लावतील? मला तरी एकही बरा अर्थ सुचत नाही.

२८ मार्च

केरबांना फोन केला. हवामान झाले, टोलनाक्यावरची गर्दी झाली, मंडप झाला. मग अत्यंत सहजतेने विचारले, "चिक्की कशी लागली?"

"आवो, आमच्यात कोन खातंय चिक्की? हितं ज्याच्या-त्याच्या घरात पडलीया!" ते मोकळेपणाने हसले. "परवा एकवीरेला पत्रिका ठिवाया गेलतो. उतरताना म्हटलं, पोरीचा सख्खा चुलता कार्ल्यातच हाय, भेटून जावं. रिकाम्या हातानं कसं जायाचं? दिली त्यास्नी."

मी खुर्ची शोधली.

"काय म्हणाले भाऊ?"

"च्या पाजला. पत्रिका वाचली. 'बरं' म्हनले. खोकं जरा हलवून बघितलं न् ठिवलं बाजूला. मानूस लय शांत, न्हाई का?"

शांत! होय. तीन वर्षे शांत आहेत.

२९ मार्च

परिस्थितीचे सिंहावलोकन. भाऊंना पुतणीच्या लग्नाची वार्ता परक्याकडून कळली. सख्ख्या भावाकडून पोचले काय, तर ज्या गाडीवरून बिनसले तिचेच बोल्ट, चिक्की म्हणून. शत्रूलाही इतके नियोजन साधले नसते.

अनिता एवढेच म्हणाली, "आता तरी जा."

३० मार्च, पाडवा

गेलो. बसने. कार्ले फाट्यावर उतरलो. भाषण मुखोद्गत होते. उसाचा रस प्यालो. प्रथम पद आठवेना. आणखी एक रस प्यालो. फाट्यावरून भाऊंचे घर दिसत नाही, पण त्यांच्या अंगणातली गुढी दिसत होती.

परतीची बस लगेच मिळाली. आजवर कधी मिळाली नव्हती.

३१ मार्च

अनिता बोलत नाही. राजेश्वरी बोलते, ते अधिक वाईट. आज दिवाणखान्यातल्या दारावरची धूळ पुसता पुसता म्हणाली, "बाबा, पाठवणीला ही गाडी चालवणार कोण? तुम्ही? मग मी रिक्षानं जाते."

हसावे असे वाक्य होते. मग म्हणाली, "मला ही चालवायला काकांनी शिकवली होती. पायाखाली विटा बांधून. काका नाहीत तर गाडी झाकून ठेवा."

मी ताडपत्री शोधून ठेवली. घातली नाही.

२ एप्रिल

शाळेतून आलो तो ओट्यावर ओळखीच्या चपला. आत भाऊ. त्यांच्या जुन्या खुर्चीवर, पाठ न टेकता. केस फार पांढरे झाले आहेत.

मी सिद्ध केलेले भाषण उघडणार, तोच त्यांनी पिशवीतून खोके काढले आणि टेबलावर ठेवले. आत खुळखुळ झाली. दोरीची गाठ माझी नव्हती.

"चिक्की लय कडक हाय, मास्तर," भाऊ म्हणाले. "दात संबाळून खा."

स्वयंपाकघरात अनिताच्या हातून पातेले पडले.

भाऊ उठले. भिंतीशी उभे असलेले दार त्यांनी वाकून न्याहाळले, बिजागरीच्या रिकाम्या भोकात बोट घातले, मग दोन्ही हातांनी दार उचलून खांद्यावर घेतले. उंबऱ्यापाशी थांबले. वळले.

"ह्यो दरवाजा गाडीकडं न्येऊ का? आमी आपलं इचारून न्येतो."

माझ्या तोंडून एकच शब्द निघाला.

"न्या."